दिवेलागणीनंतरची वीज

आमचं घर नळदुर्गाच्या पुढं, उमरग्याच्या वाटेवर, हमरस्त्याला लागून आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढची चिंचेची झाडं गेली आणि घर एकदम उघडं पडलं. त्या उघड्या जागेत माझ्या सुनेनं पत्र्याची शेड उभी केली, पत्र्यावर सौर पॅनल बसवले आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या चार्ज करायची सोय केली. ती शेड मी जवळजवळ बंद पाडली होती. ते कसं झालं, ते लिहिते.

मुलगा पुण्याकडं कारखान्यात आहे. लग्नानंतर सून दीड-दोन वर्षं त्याच्याबरोबर तिकडं राहिली. मग आमचे हे गेले आणि मी एकटी राहिले. मुलगा मला न्यायला आला. मी गेले नाही. मातीची ओढ वगैरे काही नव्हती. एका खोलीत तिघांनी राहायचं आणि मोरीत जायचं तर आधी दोघांना बाहेर काढायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा सून म्हणाली, मी महिनाभर आत्यांच्या सोबतीला राहते. आत्या म्हणजे मी. त्या महिन्याचे सहा महिने झाले.

तिनं आयटीआयमधून वायरमनचं शिक्षण घेतलेलं आहे. पुण्यात ती एका माणसाकडं गच्च्यांवर पॅनल बसवायच्या कामाला जायची. इथं बसून तिला रस्त्यावरच्या विजेच्या रिक्षा दिसायला लागल्या. गावातली वीज कधी असते, कधी नसते, त्यामुळं रिक्षावाले सॉकेट शोधत फिरायचे. एका दिवाळीत तिनं नवऱ्याला माझ्यासमोरच सांगितलं.

"पुढच्या दिवाळीपर्यंत मला वेळ द्या. शेड चालली तर मी हितं राहते. न्हाय चालली तर बॅटऱ्या विकू आन् मी येते तिकडं."

"आन् आई?" त्यानं विचारलं.

"आत्यांना उचलून आणू."

मला कुणी विचारलं नाही. मी ज्वारी निवडत होते. उचलायला मी काय पोतं नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे शेड बंद पडली तर सून जाणार आणि मी एकटी राहणार, एवढा सरळ हिशेब होता. मी त्यावर बोलले नाही. सुनेला "राहा" म्हणायची मला सवय नाही.

बॅटऱ्या ठेवायला तिनं कडब्याची खोली मागितली. गुरं विकल्यापासून ती रिकामीच होती. सोलापूरहून दोन माणसांनी जड खोकी आणून तिथं कट्ट्यावर मांडली. मी दारात उभी होते. तिनं मला समजावून सांगितलं.

"आत्या, दिवसा ऊन असतं तवा गाड्या धंद्यावर असतात. गाड्या रिकाम्या होतात सांजच्याला, तवा ऊन न्हाय. म्हणून दिवसाचं ह्यात साठवायचं."

"रांजणावानी?"

"व्हय. दिवसभर भरायचा आन् दिवेलागणीला उपसायचा."

मी म्हणाले, "दिवेलागणीनंतर न्हाय."

आमच्याकडं संध्याकाळी देवापुढं दिवा लावल्यावर घरातलं काही बाहेर देत नाहीत. दूध, दही, विरजण, मीठ, विस्तव, यातलं काही नाही. दिलं तर त्याच्यामागं घरातली लक्ष्मी निघून जाते म्हणतात. माझ्या सासूनं मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं होतं आणि मी ते पन्नास वर्षं पाळलं. विजेचं तिनं काही सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा घरात कंदील होता. पण मी माझ्यापुरता विचार केला. खांबावरून येते ती वीज सरकारची, ती कुणीही कधीही न्यावी. ही वीज आमच्या पत्र्यावर पडलेल्या उन्हाची, आमच्या खोलीत साठवलेली. म्हणजे ही घरातली वस्तू झाली. मग तिला दह्या-मिठाचाच नियम लागणार.

सून खोक्याकडं बघत राहिली. "आत्या, गाड्या सांजच्यालाच येणार."

"मग सांज व्हायच्या आत येऊ दे."

ती वाद घालेल असं मला वाटलं होतं आणि मी तयारीत होते. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या तुकड्यावर ब्रशनं लिहून तिनं पाटी टांगली. "चार्जिंग चालू. दिवे लागेपर्यंत." अक्षर चांगलं काढलं होतं.

शेड सुरू झाली आणि मलाही काम लागलं. रस्त्यावरून दिवसरात्र ट्रक जातात. त्यांचा धूर आणि धूळ पॅनलवर बसते, मळणीच्या दिवसांत भुसा बसतो. पॅनल मळला की वीज कमी होते, हे सुनेनं मला आकडा दाखवून पटवलं. मागच्या बाजूला पत्रा खाली उतरतो. तिथं ओट्यावर उभं राहून, बांबूला जुन्या धोतराचं फडकं बांधून मी पुसायचे. आधी बोअरच्या पाण्यानं धुतलं तर वाळल्यावर पांढरे डाग पडले. मग मला समजलं की पहाटे दव पडलेलं असतं तेव्हाच पुसावं. पाणी लागत नाही आणि डागही पडत नाहीत. सुनेला हे कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. तिनं ते पुण्याच्या आपल्या जुन्या मालकाला फोन करून सांगितलं. माझ्यासमोर नाही. मी आतून ऐकलं.

रोजची गिऱ्हाइकं पाच. चार प्रवासी रिक्षा आणि भाजीचा एक तीनचाकी टेम्पो. कधीमधी शाळेतले गुरुजी स्कूटर लावायचे. पाटी सगळ्यांनी वाचली होती. दुपारी जेवणाच्या वेळी कुणी तासभर गाडी लावायचं. पण खरी घाई दिवस मावळताना व्हायची. शेवटची फेरी टाकून सगळे धावत यायचे आणि लांबूनच ओरडायचे, "आजी, दिवा लावला का?" टेम्पोवाला फाट्यावरून सुनेच्या फोनवर फोन करायचा आणि मला द्यायला लावायचा.

"आजी, वात वळून ठेवा, पर काडी ओढू नका. आलोच."

"कवाधरनं येतोस. गाडी चालवतोस का ढकलतोस?"

"तुमच्यामुळंच ढकलाय लागतंय, आजी."

दिवा लावण्याआधी जी गाडी लागली असेल ती मी चालू देत होते. आधी दिलेलं ते दिलेलं. पण दिवा लागला की नवीन गाडी नाही. मी आतून "लागला" म्हणायचे आणि सून बाहेर "बंद झालं" म्हणायची. तिचा आवाज कधी वर चढला नाही.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. आकडे मला वाचता येतात. बॅटरीच्या पेटीवर हिरवा आकडा दिसतो, रांजण किती भरला त्याचा. मी झोपताना तो बघायचे आणि उठल्यावर बघायचे. झोपताना नव्वद, उठल्यावर नव्वद. सकाळचे दहा वाजायच्या आत शंभर. मग पुढचं सगळं ऊन नुसतं पत्रा तापवायचं. पाट फुटून पाणी रस्त्यावर चाललंय आणि आपण बांधावर बसून बघतोय, असं मला वाटायचं. ज्यांना उन्हं असताना यायला जमत नव्हतं त्यांनी यायचं सोडलं. पाचाचे तीन झाले.

सुनेला हे माझ्या आधी कळलेलं होतं. नवरा फोनवर विचारायचा, शेड कशी चाललीय. ती म्हणायची, "चाललीय," आणि लगेच त्याच्या जेवणाची चौकशी करायची. पितृपक्षात एका दुपारी तिनं पलंगाखालची पेटी ओढली. पुण्याहून आणलेली भांडी घासून, पुसून, जुन्या साडीत गुंडाळून पेटीत भरली. चहाचं एक पातेलं तेवढं बाहेर ठेवलं.

मी जे केलं ते एवढंच, की दिवा उशिरा लावायला लागले. आधी अंधुक झाल्यावर लावायचे, मग चांदणी दिसल्यावर, मग चांगला काळोख पडल्यावर. यानं एखादी गाडी जास्त लागायची. देवाला फसवतेय असं मला वाटलं नाही, कारण देवानं तक्रार केली नाही. तक्रार केली शेजारणीनं.

ती आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या वस्तीवर आलो. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. एका संध्याकाळी ती भिंतीवर कोपर टेकून उभी राहिली.

"काय गं, तुझ्या देवाला लोडशेडिंग लागलंय का?"

"लागलंय. तुला काय करायचंय?"

"न्हाय, म्हटलं तेल सरलं असंल तर देते. पर बिगी बिगी ने. दिवा लागला की माझ्या घरनंबी काय मिळायचं न्हाय."

ती हसली. मला हसू आलं नाही. याला कारण आहे आणि ते मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

तिचा थोरला तान्हा होता तेव्हाची गोष्ट. तिला ताप भरला होता, अंगावरचं दूध आटलं होतं. दिवा लागून गेल्यावर ती वाटी घेऊन आमच्या दारात आली. पोराला घोटभर दूध हवं होतं. माझी सासू ओट्यावर बसलेली होती. मी म्हणाले, "दूध नासलं गं." आत चुलीवर दूध तापत होतं आणि त्याचा वास दारापर्यंत येत होता. ती "बरं" म्हणाली आणि गेली. पोराला तिनं साखरेचं पाणी पाजलं. त्याला काही झालं नाही, आज त्याची पोरं कॉलेजात आहेत. तिनं हा विषय कधी काढला नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं आमच्या घरातून काही मागितलं नाही. मिठाचा खडा नाही, विरजण नाही, सकाळीसुद्धा नाही. देत मात्र आली. लोणचं, शेंगा, हातानं वळलेल्या शेवया.

तिच्या त्या बोलण्यामुळं मला राग आला. राग तिचा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी हट्टानं दिवा वेळेवर लावायला लागले. म्हणजे उशिरा लावून जी एखादी गाडी मिळायची तीही गेली. माणूस म्हातारपणी शहाणा होतो असं काही नाही.

कोजागिरी झाली होती. तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रस्त्यावरची गर्दी ओसरली होती. सोयाबीनची काढणी जोरात चालू होती आणि दिवाळीला थोडेच दिवस राहिले होते. त्या दिवशी मी वेळेवर दिवा लावला आणि दारात येऊन बसले. सून शेडमध्ये वायर गुंडाळत होती. तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं एक रिक्षा येताना दिसली, तीही ढकलत आणलेली. चालवणारी बाई माझ्या सुनेच्या वयाची. मागून चार बाया ढकलत होत्या. चौघी सोयाबीन काढायला गेलेल्या. लुगड्यांना काड्या चिकटलेल्या आणि कमरेला विळे खोचलेले.

रिक्षावाली म्हणाली, "ताई, तासभर लावू द्या. पुलापासनं ढकलत आणलीय. ह्यांला गावात सोडायचंय."

सून म्हणाली, "दिवा लागला, ताई. बंद झालं."

रिक्षावालीनं पाटीकडं बघितलं. मग सुनेकडं बघितलं. मी वाट बघत होते की आता ती बोलेल, भांडेल, मग मलाही बोलता येईल. ती भांडली नाही. चौघींत एक वयस्कर होती, ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. ज्याच्या त्याच्या घरची रीत असती. आमीबी देत न्हाय."

त्यांनी रिक्षातून आपली गाठोडी काढायला सुरुवात केली. एकीच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तिनं दोन्ही चपला हातात घेतल्या.

"गाव किती लांब हाय?" सुनेनं विचारलं.

"फाट्यापासनं आत. दोन तास चाललं की आलंच."

रस्त्यावरून ट्रक जात होते. त्यांच्या उजेडात बायांचे चेहरे दिसायचे आणि जायचे. राग कुणाच्या चेहऱ्यावर नव्हता. वयस्कर बाई निघता निघता थांबली आणि खरंच विचारावं तसं तिनं विचारलं, "पानी तरी देताव का? का तेबी न्हाय?"

तेव्हा सून वळली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांत या बाबतीत ती पहिल्यांदा माझ्याकडं बघत होती. ती काही मागत नव्हती. मी काय म्हणते एवढंच बघत होती.

मी उठले. "पान्याला कोण न्हाय म्हणलंय? आत या."

पाचही जणी अंगणात आल्या, ओट्याच्या कडेला बसल्या. मी पाण्याचा तांब्या दिला. त्या ज्या तऱ्हेनं पाणी प्यायल्या त्यावरून मला कळलं की दुपारपासून पोटात काही नाही. दिवेलागणीला आलेला माणूस उपाशी जाऊ नये, हेही मला माझ्या सासूनंच सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी तिनं एकाच तोंडानं सांगितल्या होत्या आणि त्यांचा मेळ मी कधी घातला नव्हता. घरात भाकरी होत्या. सुनेनं पिठलं टाकलं. मी ताटं मांडली. त्या नको नको म्हणाल्या आणि जेवल्या.

मी समोर बसले होते. देवघरातला दिवा तिथून दिसत होता. फाटकाबाहेर त्यांची रिक्षा उभी होती. ती बघताना माझ्या डोक्यात आलं, की वाटीत घालून बाहेर नेतात ते देणं. घरात बसून खातात ते जेवण. जेवणाला दिव्याची आडकाठी कधीच नव्हती. उलट दिवा लागल्यावरच माणसं जेवायला बसतात.

मी सुनेला म्हणाले, "गाडी आत घे."

"कुठं आत?"

"हितं, अंगणात. मानसं आत जेवायलीत आन् गाडीला बाहेर का उपाशी ठेवायची?"

ती हातातलं पळीपातेलं घेऊन तशीच उभी राहिली. "आत्या, दिवा..."

"दिवा लागलाय, दिसतंय मला. दिव्याच्या उजेडात जेवू दे तिला."

यात पळवाट होती हे मला कळत होतं. मी ती जाणूनबुजून काढली. माझ्या सासूनं ऐकलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे. पण ती नव्हती आणि मी होते.

सगळ्या जणी खरकट्या हातांनी उठल्या. फाटकापाशी गटार आहे, त्यावर फळी टाकून सगळ्यांनी मिळून रिक्षा आत ढकलली. सुनेनं कडब्याच्या खोलीच्या खिडकीतून वायर बाहेर काढली. दिवसातून दहा वेळा जो प्लग ती न बघता लावते तो त्या दिवशी दोनदा चुकला.

वयस्कर बाई परत ताटावर बसली आणि म्हणाली, "गाडीला भाकरी कसली घातली, म्हातारे? ज्वारीची का बाजरीची?"

"उन्हाची. दुपारची हाय, शिळी."

"शिळी तर शिळी. चालती का बघ म्हणावं."

तेव्हा सगळ्या हसल्या. रिक्षावाली जास्त हसली. नंतर तिनं तोंडावर पदर घेतला आणि ताटाकडं बघत राहिली. सुनेनं तिला आणखी अर्धी भाकरी वाढली.

गाडी भरत होती तोवर त्या बसल्या. कुणाचं सोयाबीन कसं आहे, कुणाची सासू कशी आहे, हे झालं. मधे मी खोलीत जाऊन बॅटरीवरचा आकडा बघून आले. शहाण्णव होते ते नव्वद झाले, मग शहाऐंशी. आकडा उतरताना बघून मला बरं वाटलं.

निघताना वयस्कर बाईनं ओटीतले ओंजळभर सोयाबीनचे दाणे माझ्यापुढं धरले. "दिवा लागल्यावर बाहेरचं आत आणलेलं चालतं का तुमच्यात?"

"चालतं," मी म्हणाले. "लई चालतं."

त्या गेल्यावर सुनेनं भांडी घासली. मी अंथरुणावर पडले होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, उद्या?"

"उद्या काय?"

"उद्या कुणी उशिरा आलं तर?"

"आलं तर आत घे. पानी दे. दारातनं काय देऊ नको."

सकाळी बघते तर तिनं पाटी पुसून नवीन लिहिली होती. "दिवे लागल्यावर गाडी अंगणात घ्यावी." ते वाचून टेम्पोवाल्यानं फोन केला. "आजी, आता काडी ओढली तरी चालंल व्हय?"

आठवड्याभरात गेलेले दोघं परत आले आणि नवीन आले. संध्याकाळी अंगणात गाड्या उभ्या राहायला लागल्या. प्रत्येकाला पाणी द्यायचंच, तो माझा नियम. बहुतेकांना चहाही. कुणी डबा आणायचं आणि ओट्यावर बसून खायचं. ती रिक्षावाली रोज यायची. सकाळी मी आकडा बघायचे तर तीस, कधी वीस. दिवस कलेपर्यंत तो परत भरायचा. पहाटे पॅनल पुसताना मी आता कोपरेही पुसायला लागले.

सून माझ्यासाठी राहिली असं मी म्हणणार नाही. तिला ती शेड आवडत होती. ती पेचकस हातात घेऊन पत्र्याखाली फिरायला लागली की तिला हाक मारली तरी ऐकू जात नाही. मला तेच बरं वाटतं. आपल्यासाठी राहिलेलं माणूस रोज ते आठवण करून देतं.

एका संध्याकाळी शेजारीण भिंतीवरून बघत होती. तिला म्हटलं, बघतीस काय, ये. ती फाटकातून वळसा घालून आली आणि ओट्यावर बसली. मी चहा दिला. गाड्यांचे लाल दिवे लुकलुकत होते. मी तिला म्हणाले, "त्या दिवशी दूध नासलं नव्हतं."

कुठला दिवस, असं तिनं विचारलं नाही. चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायली.

"ठाव हाय. वास येत हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुझी सासू बसली हुती की ओट्यावर. माझी असती तर मीबी तेच म्हणाले असते."

मग ती म्हणाली, "लई पांचट करतीस गं चहा. उद्या नातवाची स्कूटी आणून लावीन म्हणते. घरी लावली की फ्यूज जातो."

"आण," मी म्हणाले.

दिवाळीला मुलगा आला. दिवेलागण झाली होती. अंगणात चार रिक्षा आणि टेम्पो उभा होता, त्याला पिशवी डोक्यावर धरून आडवं होत आत यावं लागलं. रिक्षावालीनं त्याला गिऱ्हाईक समजून विचारलं, "दादा, तुमची गाडी कुठं हाय?" तो म्हणाला, "मी चालत आलोय, मला नुसतं पानी द्या."

जेवणं झाली. मी आणि सून शंकरपाळ्या लाटायला बसलो. तो भिंतीला टेकून बसला होता. थोडा वेळ त्यानं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाला, "मग? वर्ष झालं. काय ठरलं?"

सून कातण्यानं शंकरपाळ्या पाडत होती. "एक बॅटरी कमी पडतीय. पहाटेच्याला रिकामी होतीय."

"मी काय विचारतोय आन् तू काय सांगतीस?"

"तेच सांगतीय."

तो नाराज होता असं नाही, पण त्यालाही एकट्याचा कंटाळा आलेला होता, हे मला त्याच्या कपड्यांवरून दिसत होतं. शर्टाला बटण नव्हतं. तो म्हणाला, "मग मी तिकडं मेसमधीच जेवू का आयुष्यभर?"

"तुमीबी या की," ती म्हणाली. "अंगणात घेऊ."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. माझ्याकडं वळला. "आई, तुझं काय म्हणणं हाय?"

आयुष्यात पहिल्यांदा या घरात कुणी मला माझं म्हणणं विचारत होतं आणि मला लांबलचक बोलता येत नाही. मी म्हणाले, "कडब्याच्या खोलीत डाव्या कोपऱ्याला जागा हाय. धान्याची जुनी कणगी तिथनं काढली मी दुपारी."

"एकटीनं?"

"रिकामीच हुती."

तो उठला, सुनेच्या अवजारांच्या पिशवीतून टेप काढला आणि कोपरा मोजायला खोलीत गेला. सून उठली नाही. तिनं माझ्या पुढ्यातली पोळी उचलून बोटानं दाबून बघितली, म्हणाली, "आत्या, जाड झाली ही," आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. मी सरकून तिला पोळपाटापाशी जागा दिली.